यशोधरेचं लुगडं

६ एप्रिल १९६५, बालाघाट

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, दुपारी तासभर शिवण बंद ठेवा, डोळ्यांना आराम द्या, दूर बघत बसा. दूर काय बघू? माझ्या दारातून दूर म्हणजे समोरच्या घराची कुडाची भिंत. म्हणून ही वही काढली. लिहिण्याने डोळ्यांना कसला आराम, हे मला कोणी विचारू नये. पण मी लिहितेय असं दिसलं की ब्लाऊज सैल करून घ्यायला आलेल्या बायका दारातूनच परत जातात. त्यांना वाटतं, ह्यांना पत्र चाललंय. वाटू दे.

आज खरोखर लिहिण्यासारखं घडलं. वैशाख पौर्णिमेला आपल्या वॉर्डाचं मंडळ सिद्धार्थाचं नाटक करणार आहे. मंडळाचे सेक्रेटरी फकिराभाऊ भरवेलीच्या खाणीवरची ड्यूटी संपवून थेट इकडेच आले, सायकल अंगणात आडवी टाकली आणि म्हणाले, "वहिनी, साऱ्याइचे कपडे तुम्ही पाहा. आपल्यात तुमच्यावानी हात कोनाचा हाय?"

नाटक त्यांनीच लिहिलंय आणि बसवणारही तेच. मी आधी नाही नाही केलं, रीत म्हणून. मनातून इतकी हरखले की चहात साखर घालायचीच विसरले. मशीनवर बसायला लागल्यापासून मी दुसऱ्यांच्या मापाचं आणि दुसऱ्यांच्या पसंतीचं शिवत आले. गळा असा पाहिजे, बाही तशी पाहिजे. तुझ्या मनात काय आहे, हे आजवर एकाही गिऱ्हाइकाने विचारलेलं नाही.

जेवताना मी ताटातल्या भातात बोटाने निऱ्या आखत होते. सासूबाई म्हणाल्या, "जेव व सूदपनानं. खेळून काय राह्यली?"

११ एप्रिल

मंडळाची पेटी उघडली. जुन्या दंडारीच्या, सोंगांच्या खेळांच्या वेळचं सगळं सामान. त्यात तीन मुकुट, दोन गदा, एक शेपूट आणि राधेची कसर लागलेली चोळी. शुद्धोदन राजाला मी काय घालू, शेपूट?

मी विचारलं, मुकुट वापरायचा का? फकिराभाऊ म्हणाले, "मुकुट बिलकुल नाही. ते देवाइचं झालं. आता आपल्याले ते पाह्यजे नाही." बरं म्हटलं. मग म्हणाले, "पन राजा राजा दिसला पाह्यजे, वहिनी." म्हणजे मुकुट नको, जरी नको, आणि राजा मात्र दिसायला हवा. कशाने दिसेल ते मी बघायचं. एकाला वाटतं पितांबर हवा, दुसरा म्हणतो पितांबर कशाला, तिसरा कॅलेंडर घेऊन आला आणि म्हणाला, हुबेहूब असं करा. कॅलेंडरातल्या माणसाचा एक खांदा ढगात होता.

फुकटचा सल्ला देणाऱ्यांना एकेक बटण लावायला बसवावं असं माझ्या फार मनात येतं.

१५ एप्रिल

काल जयंतीची मिरवणूक निघाली. सगळ्या बायका पांढऱ्या पातळात, एक सासूबाई सोडून. त्या आपल्या हिरव्या लुगड्यात ठाम. त्यांना कोणी काही बोलत नाही, कारण त्या ह्यांच्या आई. हे नागपूरकडे समाजाचं काम करतात, गावोगाव हिंडून मुलांची वसतिगृहं उभी करतात. वॉर्डात ह्यांचं नाव निघालं की माणसं बसल्या जागी सावरून बसतात. मलाही मान मिळतो, हिरालालची बायको म्हणून. नळावर मला पुढे घेतात.

संध्याकाळी फकिराभाऊंनी नाटक वाचून दाखवलं. सिद्धार्थ चोरून जात नाही, बायकोला विचारून जातो. ते मला आवडलं. यशोधरा म्हणते, "जा. घर मी पाहीन." मग तीन अंक ती कुठेच नाही. शेवटी तो बुद्ध होऊन परत येतो, तेव्हा ती येते, पाया पडते आणि पडदा.

मी म्हटलं, मधल्या काळात ती काय करते? फकिराभाऊ म्हणाले, "काय करनार? घर पाह्यते."

शेवटच्या प्रवेशात तिने पांढरं नेसावं असं मंडळाचं म्हणणं. पांढरं म्हणजे त्याग, पांढरं म्हणजे आपलं. ओट्यावरून सासूबाई कडाडल्या, "तिचा नवरा जित्ता हाय न बाप्पा! जित्त्या नवऱ्याच्या बाईले पांढरं नेसवता?" फकिराभाऊ म्हणाले, "बडीमाय, आता जमाना बदलला. आपल्या पोरी लग्नात पांढरं नेसून राह्यल्या." "नेसू दे लग्नात. लग्नात नवरा बाजूले बसला असते."

दोघांचंही खरं होतं आणि माझी पंचाईत तशीच राहिली. तिचा नवरा मेलेला नाही. घरातही नाही. अशी बाई काय नेसते?

उठता उठता फकिराभाऊंनी सांगितलं, कार्यक्रमाला अध्यक्ष म्हणून हेच येणार. मंडळाला पत्र आलंय. खाली लिहिलंय म्हणे, घरी कळवणे. कळवलं त्यांनी.

२३ एप्रिल

मन लागत नव्हतं म्हणून काल बसने हट्ट्याला जाऊन आले. तिथली बावडी, पायऱ्यांची विहीर, जुन्या राजांच्या काळची. वाटलं, दगडात कुठे बाई कोरलेली असेल तर नेसणं तरी बघून येऊ. पायऱ्या उतरले, खांबाखांबाशी मान वर करून उभी राहिले. मला हवी तशी बाई काही सापडली नाही. गारवा मात्र होता. डॉक्टरांचं ऐकून तासभर नुसती बसले, काहीही न शिवता, काहीही न बोलता. छान वाटायला हवं होतं. मधेच रडू आलं. उन्हाचा त्रास असणार, येताना डोक्यावर पदर घेतला नव्हता.

घरी आले तर सासूबाईंनी विचारलं, "काय आनलं?" काही नाही म्हटलं.

२८ एप्रिल

तिसऱ्यांदा यशोधरा ठरवली आणि तिसऱ्यांदा मोडली. आधी पिवळं काढलं होतं, तर मंडळ म्हणालं हळदीचं वाटतं. निळं काढलं, तर म्हणाले निळं झेंड्याला ठेवा. राखाडी पातळ पुष्पलताला दाखवलं. ही यशोधरा होणारी पोरगी, मॅट्रिकला बसलीय आणि निम्मं हिंदीतच बोलते. तिने नाक मुरडलं. "काकी, याच्यात मी रानी थोडी लगनार? मास्तरनी लगनार."

वैताग आला. मी सगळं गुंडाळलं आणि शेजारी चंपाबाईकडे जाऊन बसले. चंपाबाईचा नवरा तरुणपणीच आसामच्या चहाच्या मळ्यात गेला. कोणी म्हणतात तिथे दुसरं घर केलं, कोणी म्हणतात मेला. नक्की कोणालाच माहीत नाही. एवढ्या वर्षांत मी तिला कधी विचारलं नव्हतं. आज नाटकासाठी म्हणून विचारलं.

"तो गेला तवा तू काय नेसलं होतंस, चंपाबाई?"

"काय नेसलं म्हंजे? मी शेन थापून राह्यली होती. हात धुवाले गेली, तं तो फाट्यावर पोचला होता."

"आणि मग? पुढे?"

"पुढं काय? जे आंगावर होतं तेच. दुसऱ्या दिशी धुतलं, वाळवलं, तेच नेसलं. तो गेला म्हनून कोनी नवीन आनून देते काय व?" मग हसली. "कुकू लावाव का पुसाव, हे कोनाले इचारू? लावत गेली. आता हात आपसूक जाते."

मी तिथून उठले ती जवळजवळ पळत घरी आले. एवढी साधी गोष्ट. पहिल्या अंकात जे लुगडं, तेच शेवटी. फक्त मधल्या वर्षांनी धुतलेलं.

२ मे

वारासिवनीच्या कोष्ट्यांकडून एकसारखी दोन लुगडी आणवली, डाळिंबी अंग आणि काळी किनार. एक घडी घालून ठेवलं. दुसरं रोज वैनगंगेवर नेते. धुण्याच्या सोड्यात उकळायचं, दगडावर आपटायचं, वाळूवर कडक उन्हात टाकायचं. वाळलं की पुन्हा पाण्यात. घरी आणून बसण्याच्या जागी खापराने घासते. गुडघ्यापाशी आणि पदराच्या टोकाशीही घासते, कारण घाईत हात पुसायला तेच टोक सापडतं. किनार जिथे उंबऱ्याला लागते, तिथे धागे काढले. रंग विटत चालला की मला इतका आनंद होतो की मीच घाबरते.

नदीवरच्या बायकांना वाटतं माझं डोकं फिरलंय. नवंकोरं लुगडं आणून खराब करायचं म्हणजे काय! चंपाबाई मात्र रोज येते. माझे हात दुखले की ती आपटते. आज लुगडं पिळताना म्हणाली, "हिरालाल पहिल्यांदा गेला तवा तुह्यं असंच होतं न व? डाळिंबी. मी होती न टेसनवर."

असेल. मला आठवत नाही. कोष्ट्यांकडे डाळिंबी बऱ्यापैकी मिळतं म्हणून आणवलं.

हातांना सोड्याने भेगा पडल्यात. खोबरेल लावून बसलेय. सासूबाई विचारतात, नवरा येनार म्हनून हात चोपडे करून राह्यली का?

९ मे

आज मंडळाने कपडे पाहिले. शुद्धोदनाचं जमलं. मुकुट न देता मी त्याला नुसता लांब, जड शेला दिलाय, इतका जड की तो सावकाश आणि ताठच चालतो. राजा दिसला. सिद्धार्थ होणारा सुखराम चिवरात इतका शोभला की सगळे गप्प झाले. मग मी दुसरं लुगडं उलगडलं.

एकदम सगळे बोलायला लागले. राजाची सून फाटकं नेसेल काय? बाहेरगावचे लोक येणार, ते म्हणतील यांना पातळ मिळालं नाही. अध्यक्ष समोर बसणार! फकिराभाऊ तर दुखावलेच. "वहिनी, आमी तुमच्यावर भरोसा टाकला, अन् तुम्ही आमच्या यशोधरेले भिकारीन केली?"

मी म्हटलं, भिकारीण नाही, ती घर पाहत होती. तुम्हीच लिहिलंय. घर पाहिल्यावर लुगड्याचं असं होतं, हवं तर तुमच्या घरी जाऊन बघा.

हे बोलायला नको होतं. त्यांची बायको तिथेच होती आणि तिने पटकन पदराचं टोक मुठीत घेतलं. शेवटी ठरलं की अध्यक्ष येतील ते सांगतील. मला संताप आला. कपडे मी केले, ते बघायचे सगळ्यांनी आणि पास करायचे ह्यांनी, ज्यांना ब्लाऊजचा पुढचा भाग कोणता आणि मागचा कोणता हे कळत नाही.

१४ मे

हे काल आले. स्टेशनवरून माणसं सोबतच आली, ती जेवणापर्यंत उठली नाहीत. ह्यांचे केस कानापाशी पांढरे झालेत. कधी झाले कोण जाणे. बारीकही दिसतात. मी पाणी दिलं, त्यांनी घेतलं. "सारं ठीक?" असं विचारलं, पण आईंना.

आज दुपारी मंडळ आलं. मी दोन्ही लुगडी आणि मंडळाचं पांढरं पातळ समोर ठेवलं. ह्यांनी विटकं लुगडं हातात घेऊन पदर बोटाने चाचपला. बराच वेळ चाचपत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. म्हणाले, "मेहनत केली हाय. पन लोकाइले प्रेरना भेटली पाह्यजे. दुःख दाखवून कार्यकर्ते तयार होत नाहीत. पांढरं बरं राहीन."

झालं. सगळ्यांनी मान डोलावली. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही, म्हणजे मी रडले असते तरी चाललं असतं. रडले नाही. पांढऱ्याला इस्त्री केली, कडक, एक सुरकुती ठेवली नाही. कोणी म्हणू नये की मी मनापासून केलं नाही.

ह्यांना बाजेवर लगेच झोप लागली. फार थकून येतात. मला त्याचं काही नाही.

१६ मे

नाटक झालं. नीट क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या कोणीतरी वेगळंच सांगेल.

दिवेलागणीला सुरू झालं. मैदान भरलं होतं, रजेगावपासून बैलगाड्या आल्या होत्या. हे पुढच्या खुर्चीत, गळ्यात हार. बायका डावीकडे सतरंज्यांवर. पहिला अंक झकास गेला. डाळिंबी नवं लुगडं दिव्यात असं खुललं की बायकांमधून हं हं असा आवाज आला. पुष्पलता म्हणाली, "जा. घर मी पाहीन," आणि टाळ्या पडल्या. ह्यांनीही वाजवल्या.

शेवटच्या अंकाआधी पांढरं काढलं तर त्यावर काजळाचा हा एवढा डाग. कसा पडला मला सांगता येत नाही. रंगाच्या पेटीजवळ मीच ठेवलं होतं ते खरं, काजळाची डबी उघडी राहिली होती तेही खरं. गडबडीत काय काय होतं. डाग पडलेलं नेसवून पोरीला पुढे धाडता येत नाही, आणि विटकं लुगडं तेवढं पेटीत होतं. वरच होतं. पुष्पलता म्हणाली, "काकी, डांट पडेगी." मी म्हटलं, मला पडेल, तू नेस.

पडदा वर गेला तेव्हा ती ओट्यावर पाठमोरी बसली होती, सुपात काही निवडत. लिहिलेलं नव्हतं ते. सूप कुठून आणलं कोण जाणे. बसण्याच्या जागचा घासलेला भाग दिव्याकडे होता. बायकांच्या बाजूला एवढी शांतता झाली की एक तान्हं रडलं ते मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. मला आतून चंपाबाई दिसत होती. तिने डोळ्यांवर पदर दाबला होता.

सुखराम आला, बुद्ध होऊन. आता तिने उठून यायचं आणि पाया पडायचं. ती उठेना. आतून फकिराभाऊ दबक्या आवाजात ओरडतायत, "ऊठ, ऊठ!" ती सूप खाली ठेवून त्याच्याकडे नुसती बघत बसली. सुखराम बिचारा उभा. डोळ्यांनी विचारतोय, काय करू? शेवटी तोच चालायला लागला. सगळं स्टेज ओलांडून तिच्यापाशी गेला आणि उभं राहून काय करायचं ते न सुचल्यामुळे समोर खाली बसला. फकिराभाऊंनी पडदा सोडला.

टाळ्या पडल्या नाहीत. बायका जागच्या हलल्याच नाहीत. मग कुठूनतरी एक म्हातारा आवाज आला, "हौ!" एवढाच.

आत मी पुष्पलताला विचारलं, काय झालं गं तुला? ती म्हणाली, "काकी, कसम से, उठताच नाही आलं. ते नेसून बसली, तं वाटलं, मी काहून जाऊ? गेला तोच होता."

ह्यांनी भाषण छोटं केलं. मधे दोनदा अडखळले. ह्यांना अडखळताना मी कधी ऐकलं नव्हतं.

आज सकाळी चहा घेताना ह्यांनी विचारलं, "तू सांगितलं काय तिले, उठू नको म्हनून?"

"मी कपड्यांचं पाहते," मी म्हटलं.

ते माझ्याकडे पाहत राहिले. मला उगाच ओशाळल्यासारखं झालं. काही चूक झाली असेल तर ती डागाची.

१७ मे

सगळा दिवस वाया गेला.

सकाळच्या छोट्या गाडीने हे गोंदियाला निघणार होते. तिकडे सभा होती. वॉर्डातल्या बायका हार घेऊन आधीच स्टेशनवर गेल्या. फकिराभाऊ, माझ्यावर रागावलेलेच, दोनदा बोलवायला आले. "वहिनी, चाला न, गाडीचा टाईम झाला." माझ्या हातात चंपाबाईच्या नातीचा परकर होता आणि टीप अर्ध्यावर. अर्धी टीप सोडून उठलं की दोरा ओढला जातो आणि चुण्या पडतात, हे ज्याने शिवलंय त्यालाच कळतं. म्हटलं, तुम्ही व्हा पुढे.

सासूबाई म्हणाल्या, "ऊठ व, नवरा चालला." म्हटलं, टीप पुरी होऊ द्या. पुरी झाली, तर दुसरी बाजू राहिली होती.

अंगणातून ह्यांनी आवाज दिला, "येतो मंग." दरवेळी मी उंबऱ्यापर्यंत जाऊन पिशवी देते. आज पिशवी त्यांच्याच हातात होती, मग कशाला उठायचं? मी बरं म्हटलं. मशीन चालू होती, ऐकू गेलं नसेल. पुन्हा आवाज दिला. मग काहीच नाही. मला वाटलं, गेले.

चपला काढल्याचा आवाज आला. हे आत आले आणि मशीनपाशी उभे राहिले. पायाखाली कापडाच्या चिंध्या होत्या, त्यांवर पाय पडू नये म्हणून अवघडून उभे होते. मी मान वर केली नाही, टीप वाकडी जाईल म्हणून.

"कशी हायेस तू?"

बरी आहे म्हणायला तोंड उघडलं. ते आलंच नाही. मी म्हटलं, मागच्या पावसाळ्यात माझा ताप उतरत नव्हता. मग छपराचं सांगितलं, आईंच्या दम्याचं सांगितलं, लोक मला नळावर पुढे घेतात आणि मग पाठीमागे काय बोलतात ते सांगितलं. गेल्या दिवाळीला मी करंज्या करून वाट पाहिली तेही सांगितलं. हे सांगायचं मी कधी ठरवलं नव्हतं. एकदा सुरू झालं ते थांबेना, आणि माझा आवाजही नीट नव्हता. मधे कधीतरी हे खाली बसले, चिंध्यांमध्येच. फकिराभाऊ दारात आले, आत पाहिलं आणि न बोलता मागे गेले. लांब गाडीची शिट्टी झाली तरी माझं संपलं नव्हतं.

गाडी गेली. बायका हार घेऊन परत आल्या, सगळ्यांचा खोळंबा, गोंदियाची सभा राहिली आणि हे सगळं माझ्या एका टिपेपायी. हे म्हणाले, संध्याकाळच्या गाडीने जाईन. मग म्हणाले, उद्या. आता बाजेवर बसलेत, पिशवी अजून पायाशीच आहे, आणि मी लिहितेय तिकडे बघतायत. पीठ मी आम्हा दोघींपुरतंच मळलं होतं. पुन्हा मळायला उठते.